बाद ठरलेल्या एकोणीस कुंड्या

मोसंबीचं झाड जानेवारीत लावत नाहीत. निदान आमच्या खानदेशात तरी नाही. पाऊस लागला की खड्ड्यात झाड ठेवायचं, हे ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्यालाही ठाऊक असतं. पण लागवडीच्या समारंभाला येणाऱ्या पाहुण्यांना जानेवारीतच वेळ होता, म्हणून त्या वर्षी आम्ही जानेवारीत मोसंबी लावली.

साठीचं दशक संपत आलं होतं. धुळ्याबाहेर, पांझरेच्या काठावर एका सरकारी रोपवाटिकेत मी सहायक होतो. घर जळगावकडचं, केळीच्या पट्ट्यातलं. शेतकीची पदवी घेऊन मी इथे आलो तेव्हा माझ्याबरोबर एक वळकटी आणि पुस्तकांची एक ट्रंक होती. त्या ट्रंकेचा मला फार अभिमान होता. रोपवाटिकेतल्या बाकी कोणालाच नव्हता, आणि त्याचं मला वाईट वाटे.

रोपवाटिका खरी चालवत आबा. पन्नाशीचे, काटक, गुडघ्यापर्यंत धोतर. मोसंबीचा डोळा जंबेरीच्या खुंटावर भरायचा असेल तर त्यांचा चाकू खोडावर इतका हलका फिरे की सालीला कळलंसुद्धा नसेल. खाली मूळ जंबेरीचं, म्हणजे रानटी, चिवट लिंबाचं. वर मोसंबीची फांदी. असं कलम वर्षभर सांभाळून ते कुंडीत तयार करत. चौदा वर्षं हेच. आणि चौदा वर्षं ते रोजंदारीवर होते. दर मार्चअखेर त्यांना सांगितलं जाई, "आबा, उद्यापासून येऊ नका," आणि दर मे महिन्यात परत बोलावणं जाई. त्यांना एकच गोष्ट हवी होती: ते वाक्य पुन्हा ऐकायला लागू नये. कायम झालेल्या माणसाला ते वाक्य कोणी म्हणू शकत नाही. त्या वर्षी आमच्या वरच्या साहेबांनी शब्द दिला होता. समारंभ नीट पार पडला की आबांचा कागद वर जाणार होता. अर्ज मीच लिहिला होता, माझं अक्षर चांगलं म्हणून. आबांनी त्याच्यावर अंगठा उठवला आणि शाईचं बोट बराच वेळ धोतराला न पुसता तसंच धरून ठेवलं.

आबांची एक पद्धत होती. दिवाळी झाली की ते रोपांचे लाड बंद करत. आधी तुराट्यांचा मांडव संध्याकाळचा काढून ठेवायचा, सकाळी परत घालायचा. मग दिवसाही काढायचा. पाणी दिवसाआड होतं ते चौथ्या दिवशी, मग पानांच्या कडा वळायला लागल्या की मगच. डिसेंबर लागला की सगळ्या कुंड्या उचलून नदीकडच्या खोलगट तुकड्यात नेऊन मांडायच्या. रात्री थंडी पाण्यासारखी उतरून सगळ्यात आधी तिथेच साचत असे. बहारासाठी मोठ्या झाडांचं पाणी तोडून ताण देतात हे मला माहीत होतं. पण इतक्या लहान कलमांना?

"रोपले बी थंडी शिकाडनी पडस, भाऊ," आबा म्हणाले. "एकदम नही. थोडी थोडी."

"शिकतात?"

"माणूसपेक्षा बरा शिकतस."

महिनाभराने पानं जाड झाली, काळपट हिरवी, चामड्यासारखी. नवी पालवी एकही नाही. रोपं जिथल्या तिथे थांबली. आणि मग एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की हे सगळं मी परीक्षेत लिहिलेलं आहे. गारव्याची चाहूल लागली की झाड वाढ थांबवतं, रसातलं पाणी कमी करतं, साखर वाढवतं. पाणी गोठतं तिथे पाक गोठत नाही, तसं काहीतरी. उत्तराचा शेवटचा परिच्छेदही मला पाठ होता: हा काटकपणा अंगी यायला आठवडे लागतात आणि उबेचे चार दिवस मिळाले की तो जातो. या उत्तराला मला चांगले गुण मिळाले होते. गुण मिळालेली गोष्ट खरीही असते, हे मला आबांच्या कुंड्यांनी दाखवलं.

आमची केळ तसली नव्हे. केळ काही शिकत नाही. थंडी आली की माझे वडील बागेला विहिरीचं ऊन पाणी सोडत आणि बांधाबांधावर पाचोळ्याचा धूर करत. थंडी गेली की केळ पुन्हा पहिल्यासारखीच अडाणी. मी त्या बागेत वाढलो.

समारंभाला बारा दिवस राहिले तेव्हा साहेब जीपमधून उतरले. साहेबांना प्रत्येक वस्तू पाहुण्यांच्या डोळ्यांनी बघायची सवय होती. ते झाड बघत नसत, झाडाशेजारी उभे राहिलेले पाहुणे कसे दिसतील ते बघत.

"ही आजारी आहेत का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही साहेब. थांबली आहेत."

"थांबली म्हणजे? कार्यक्रम थांबणार आहे का?"

आबा मागे हात बांधून उभे होते. साहेबांनी एक पान बोटांनी चुरगळून बघितलं. "हा रंग बघा. पाहुण्यांच्या हातात मी हे देऊ? हिरवं पाहिजे. पोपटी. बघितल्याबरोबर माणूस म्हणाला पाहिजे की वा!"

इथे मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. साहेबांना उपाय माहीत नव्हता, आबांना माहीत असून ते बोलणार नव्हते. मला माहीत होता आणि मी बोललो. मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नव्हती, आणि त्या दिवशी ते माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, बियाण्याचं गोदाम रिकामं आहे. वर पत्रा आहे, दिवसभर तापतो. रात्री चार शेगड्या ठेवू. कोमट पाणी, थोडं खत. आठ-दहा दिवसांत पालवी येईल.

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "याला म्हणतात शिक्षण," ते म्हणाले. हात जड आणि उबदार होता. तो अजून मला आठवतो, याची मला लाज वाटते.

मग त्यांनी स्वतः निवड केली. दोनशे कुंड्या घेतल्या. एकोणीस बाद केल्या, कारण त्यांची खोडं जरा वाकडी होती आणि रांगेत वाईट दिसली असती. बाद कुंड्यांवर शिपायाने गेरूची फुली मारली. त्या नदीकडच्या तुकड्यात तशाच राहिल्या.

गोदामात कुंड्या वाहताना आबा माझ्या शेजारून दोन-तीनदा गेले. मग एक कुंडी खाली ठेवून म्हणाले, "भाऊ, त्या झोपेल शेतस. उठाडू नका."

"आबा, आठ दिवसांचा तर प्रश्न आहे."

"उठाडाले आठच दिन लागतस. झोपाडाले बठ्ठा हिवाया लागना."

उठवायला आठ दिवस, झोपवायला अख्खा हिवाळा: मी ट्रंकेतल्या पुस्तकांकडे जाऊन आलो असतो तर तिथेही हेच लिहिलेलं होतं. मी गेलो नाही. आबांनीही पुन्हा विषय काढला नाही. ते शेगड्यांजवळ बसून राहिले, पाणी हाताने तपासून घालत राहिले. जे काम चुकीचं आहे तेही ते नीटच करत. रोजंदारीवरच्या माणसाला कुरकुर करायची सोय नसते.

नवव्या दिवशी पालवी आली. खरंच पोपटी, तुकतुकीत, इतकी कोवळी की उजेड आरपार जाई. मीही म्हणालो, वा!

लागवडीची जागा शेठजींची होती. शेठजी कापसाचे व्यापारी. आजोबा मारवाडातून आले, नातू धुळ्याचा झाला. नदीकाठची तीन एकर त्यांनी आदर्श बागेसाठी दिली होती. ती जमीनही खोलगट. आदल्या दिवशी आबा मला म्हणाले, निदान महिनाभर प्रत्येक झाडाला तुराट्यांचा आडोसा करू द्या, रोज थोडा थोडा उघडू. मी साहेबांना सांगितलं.

"फोटोत तुराट्या दिसतील," साहेब म्हणाले.

"फोटो झाल्यावर लावू."

"दुसऱ्या दिवशी जिल्ह्याचे लोक बघायला येणार आहेत. तेव्हाही दिसतील. तुम्ही मंडपाचं बघा."

मंडप उत्तम झाला. गालिचा होता, सनई होती, चांदीचं पाणी दिलेलं फावडं होतं. पाहुणे दोन तास उशिरा आले. पहाटेपासून आबांनी खड्ड्यात झाड बसवून ठेवलं होतं, तरी पाहुण्यांनी तीन वेळा माती लोटली आणि पितळी तस्तात हात धुतले. भाषणात ते म्हणाले, या कोवळ्या पानांत मला उद्याचा खानदेश दिसतो. त्यांना बरोबर दिसत होतं, फक्त उद्या म्हणण्याऐवजी परवा म्हणायला हवं होतं.

शेठजी गळ्याला मफलर, कानाला मफलर असे पहिल्या रांगेत बसले होते. टाळ्या संपल्यावर ते वाकून एक रोप बघू लागले.

"साहेब, पान फार नाजूक आहे हो. माझ्या नातवाला मी सूर्य बुडाला की टोपी घालतो."

"शेठजी," साहेब हसून म्हणाले, "ही सरकारी रोपं आहेत."

सगळे हसले. मीही. आबा मंडपाच्या दोरीजवळ उभे होते, नवं धुतलेलं धोतर नेसून. साहेबांनी जाता जाता त्यांच्याकडे बघून मान हलवली, आणि आबा ती मान दिवसभर सांभाळत राहिले. "साहेब म्हनना, व्हई," मला त्यांनी दोनदा सांगितलं. कायम होण्याचं काम होईल, असा त्यांनी त्या मानेचा अर्थ लावला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून उत्तरेचं वारं सुटलं आणि संध्याकाळी एकदम पडलं. आकाश घासून पुसून ठेवल्यासारखं. सकाळी गवतावर पांढरं होतं. मी आणि आबा शेठजींच्या शेतात पोचलो तेव्हा ऊन नुकतं वर येत होतं आणि रोपं अजून हिरवी दिसत होती. मला बरं वाटलं. आबांनी एक पान हातात धरलं, ते बोटांत ओलं होऊन गळून पडलं. दहा वाजेपर्यंत सगळी पालवी उकडलेल्या पालकासारखी लोंबत होती. संध्याकाळी काळी पडली. चार दिवसांत खोडं वरून खाली वाळत आली, थेट जिथे डोळा भरला होता तिथपर्यंत. जळगावहून वडिलांचं कार्ड आलं, केळीचं निम्मं पान करपलं. पण केळीबद्दल कोणी भाषण केलेलं नव्हतं.

पांढरं पडलं त्याच सकाळी परत येताना आबा रोपवाटिकेच्या नदीकडच्या तुकड्यात वळले. तिथे एकोणीस कुंड्या उभ्या होत्या, गेरूच्या फुल्या घेऊन. पानांवरचं हिव वितळून थेंब झाले होते. खाली तेच काळपट, चामड्यासारखं पान. एकालाही डाग नव्हता. तीच नदी, तीच थंडी, त्याच मोसंबीच्या झाडावरून काढलेले डोळे. आबांनी एका वाकड्या खोडावरून अंगठा फिरवला, माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. उलट सुटका होती. आता सांगायची गरज नाही, त्यांना वाटलं असावं. कोणीही येऊन बघावं.

आणि दुपारी कोणी खरंच आलं. शेठजी सरळ रोपवाटिकेत आले, मागून साहेबांची जीप. शेठजी व्यापारी माणूस. मेलेला माल बघून झाल्यावर जिवंत माल कुठे आहे ते बघायची त्यांना सवय. ते त्या एकोणीस कुंड्यांसमोर थांबले.

"हे कसे जगले?"

शेठजींनी मफलर सोडून पुन्हा विचारलं, "साहेब, माझे दोनशे मेले. हे उघड्यावर आहेत. हे कसे जगले?"

"ही जात निराळी आहे," साहेब म्हणाले. ते इतक्या सहज म्हणाले की क्षणभर मलाच वाटलं असेल बुवा. "रानटी प्रकार. त्याला फळ धरत नाही. म्हणून तर बाद केल्या." आणि माझ्याकडे वळून, "काय?"

आबा माझ्याकडे बघत होते. शेठजी बघत होते. मला फक्त खरं सांगायचं होतं, आणि ते तीन वाक्यांत सांगता आलं असतं. पण त्या तीन वाक्यांतलं दुसरं वाक्य असं होतं की गोदामाची कल्पना माझी.

"हो," मी म्हणालो.

शेठजींनी मान डोलावली. सरकारी माणसं दोन असली आणि दोघं एकच बोलली तर पुढे विचारायचं नाही, हे त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या चालत आलं असावं. आबांनी पाण्याची झारी उचलली आणि विहिरीकडे गेले. कुंड्यांना पाणी द्यायचा तो दिवस नव्हता.

अहवाल दुसऱ्या दिवशी झाला. साहेब बोलत गेले, मी लिहीत गेलो. रोपं समारंभापर्यंत उत्कृष्ट स्थितीत होती, असंख्य मान्यवरांनी ती पाहिली होती. लागवडीनंतर रात्री आडोसा करण्यात संबंधित रोजंदारी माळ्याने अक्षम्य हलगर्जीपणा केला. आडोसा हा शब्द आला तेव्हा माझी लेखणी थांबली. साहेब म्हणाले, "लिहा." मी लिहिलं. नंतर पक्की प्रत करताना मी 'अक्षम्य' तेवढं गाळलं. माझं सगळं शौर्य त्या एका शब्दात मावलं. साहेबांच्या ते लक्षातही आलं नाही.

आबांचा अर्ज त्याच फायलीत खाली होता, माझ्याच अक्षरात, खाली निळा अंगठा.

साहेब दौऱ्यावर गेले, त्यामुळे सांगायचं काम माझ्याकडे आलं. आबा कुंड्या धूत होते. मी म्हणालो, "आबा, उद्यापासून येऊ नका." त्यांनी बोटांवर मोजल्यासारखं केलं. "आते तर जानेवारी शे," ते म्हणाले. त्यांना वाटलं मी महिना चुकलो.

मग त्यांना समजलं. हातातली कुंडी त्यांनी पालथी घातली, म्हणजे पाणी साचणार नाही.

"भाऊ, तुम्हले बठ्ठं माहीत व्हतं ना?"

"हो, आबा."

"मंग ठीक शे," ते म्हणाले. काय ठीक होतं ते मला कळलं नाही. बहुधा एवढंच, की माहीत नसलेल्या माणसाला त्यांनी शिकवलं असतं; माहीत असलेल्याला शिकवण्यात अर्थ नव्हता. मे महिन्यात त्यांना बोलावणं गेलं नाही.

पावसाळ्यात शेठजींच्या शेतात नवल झालं. वरची मोसंबी मेली होती, पण खालचा जंबेरीचा खुंट जिवंत होता. त्याला भराभर फुटवे आले, काटेरी, जोमदार. आदर्श मोसंबी बाग अशी पाटी तिथे चांगली तीन वर्षं होती आणि पाटीमागे जंबेरी माजली होती. तिचं फळ माणूस तर सोडाच, माकडंही चाखून टाकून देत. येणारे-जाणारे अधिकारी जीपमधून बघून म्हणत, वा, काय हिरवं आहे!

साहेबांना बढती मिळाली. जाण्यापूर्वी त्या एकोणीस कुंड्या त्यांनी स्वतःच्या मालकीच्या बंगल्याच्या आवारात लावून घेतल्या. फळ न धरणारी रानटी जात काही वर्षांनी भरघोस धरू लागली. माझी तेव्हा जळगावला कचेरीत बदली झालेली होती. मोसंबीची एक टोपली माझ्याकडेही आली, सोबत चिठ्ठी: आपल्या रोपवाटिकेची आठवण. मी ती खाल्ली. गोड होती.

त्याच सुमारास कामानिमित्त धुळ्याला गेलो असताना आठवड्याच्या बाजारात आबा दिसले. ओल्या गोणपाटावर वांग्याची आणि कोबीची रोपं, जुड्या बांधून. पानं जाड, काळपट, वाढ थांबलेली. इतर विक्रेत्यांची रोपं लुसलुशीत होती, गिऱ्हाईक तिकडेच होतं. आबांनी मला ओळखलं. कपाळाला हात नेऊन म्हणाले, "या भाऊ." मी वाकून कोबीची एक जुडी उचलली. काहीतरी घ्यायलाच हवं होतं.

"कोठे लावशात?"

"कचेरीच्या क्वार्टरला वरांडा आहे, काचेचा. कुंडीत लावीन. आत ऊब असते."

त्यांनी जुडी माझ्या हातातून हळूच काढून घेतली. मुळांवरची माती सांडू नये म्हणून खालून दुसरा हात धरला.

"नका नेऊ, भाऊ. या बाहेर वाढेल शेतस. आत कवया, नाजूक व्हतीन. मंग कधी बाहेर काढशात, तर मरतीन."

माझ्यामागे एक बाई उभी होती, डोक्यावर पाटी, पाय मातीने भरलेले. आबांनी जुडी तिला दिली.